मूळमाती

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात लोटन शेवग्यावरून पडला. पानमळ्यात वेलाला आधार नि सावली म्हणून शेवगा लावलेला असतो, आणि पावसाळ्यात त्याच्या फांद्या छाटाव्या लागतात, नाहीतर खाली वेलाला उजेड मिळत नाही. वीस वर्षं छाटत आला होता तो. या खेपेला ओल्या खोडावरून पाय सटकला आणि गडी कमरेवर आदळला. जळगावच्या दवाखान्यात नऊ दिवस काढून घरी आणला, तेव्हा डॉक्टरनं बजावून ठेवलं होतं, तीन महिने उठायचं नाही, उठलात तर कायमचे बसाल.

लोटन ओसरीत खाटेवर पडला आणि इकडे मळा उघडा पडला. पान काही कुणाच्या कमरेसाठी थांबत नाही. आठ-दहा दिवसांत खुडलं नाही तर ते जाड होतं, टेम्पोवाला नाक मुरडतो, वर चाललेला शेंडा बांधला नाही तर लोंबतो आणि वाऱ्यानं मोडतो. बेचाळीस ओळींचा मळा. गावात खुडणीला येणारे गडी सात-आठ, आणि ते सगळे ज्याच्या त्याच्या कामात अडकलेले.

घरात माणसं होती की! लोटनची बायको दिपमाला होती, पस्तिशीची, हातापायानं धडधाकट. तेरा वर्षांची लेक सारिका होती. पण पानमळ्याच्या कामी त्या माणसांत मोजायच्या नव्हत्या. एरंडोलच्या त्या अंगाला, अंजनी नदीकाठच्या त्या गावात पानमळेवाल्यांची नऊ घरं आणि नऊ घरांचा एकच नियम, बाईनं मळ्यात पाऊल टाकायचं नाही. मूळचा नियम म्हणे एवढाच होता, की अडचणीचे चार दिवस टाकायचं नाही, कारण विटाळानं वेल सुकतो. पण कोण कधी अडचणीत आहे हे पुरुषांनी कुठं विचारत बसायचं? त्यापेक्षा सगळ्याच बायांना बारा महिने बाहेर ठेवलेलं सोपं. न्हाण आल्यापासून पाळी जाईपर्यंत बाईनं ताटीबाहेर, मळ्याच्या कुडाच्या दाराबाहेर, उभं राहायचं. पुरुषानं आतून पाटी द्यायची, बाईनं ती घरी नेऊन पानं निवडायची, शंभर-शंभराच्या चवडी लावायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या. म्हणजे बाईच्या हाताखालून गेल्याशिवाय एक पान बाजारात जात नव्हतं. तेव्हा तो विटाळ कुठं जायचा, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

दिपमाला शिंदखेड्याकडची. माहेरी तिनं कपाशी वेचली होती, औत धरलं होतं, विहिरीवरची मोटार चालू केली होती. इथं आली आणि सोळा वर्षं ओसरीत बसून पानं मोजत राहिली. मोजून मोजून तिला पान बोलायला लागलं होतं. हे नाल्याकडच्या ओळीचं, हे ताटीजवळचं, याला पाणी जास्त झालंय, हे ती हातात घेताच सांगायची. लोटन हसायचा, पण तिचं म्हणणं दर वेळी खरं निघायचं. तिच्या जेठाची, म्हणजे थोरल्या दिराची, तोतारामची बायको दोन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून त्याच्याही मळ्यातलं पान हिच्याचकडे मोजायला यायचं.

तोताराम नाल्यापलीकडे राहायचा. लोटनला घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला आणि ओट्यावर टेकला. दिपमाला पदर ओढून दाराआड झाली. सोळा वर्षांत ती जेठाशी समोरासमोर बोललेली नव्हती. तो आईशी बोलला, पण आवाज दाराआड जाईल एवढा होता.

"माय, मळा वाया जाई ऱ्हायना. मन्हा हातमा दी टाका. लोटन उठना का मंग देखूत."

आईनं, सुंदरबाईंनी, मान हलवली. 'मंग देखूत' म्हणजे काय, हे दिपमालाला मात्र चांगलं ठाऊक होतं. नाल्याकाठचं सामाईक वावर त्यानं असंच 'मंग देखूत' म्हणून घेतलं होतं, त्याला सात वर्षं झाली. मळा गेला तर या घराला दुसरं काहीच नव्हतं.

तो गेल्यावर ती खाटेशी आली. "मी जास मळामा."

लोटननं मोबाइल छातीवर पालथा ठेवला. "येडी व्हयनी का?"

"मंग दुसरं कोन जाई? सांगा."

"लोके काय म्हनतीन?"

"त्या लोके पान खुडाले येनार शेत का?"

लोटन दुपारभर आढ्याकडे पाहत पडला. आपण खाटेवर आणि बायको मळ्यात, याची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज तोंडावर दिसत होती. दिवस कलताना त्यानं उशीखालून नखी काढली. खुडणीच्या वेळी आंगठ्यात घालतात ती लोखंडी नखी, त्याच्या बापाची. तिच्याकडे न बघता त्यानं ती खाटेच्या कडेवर ठेवली.

नखी तिच्या आंगठ्याला ढिली होत होती. तिनं जुन्या पातळाची चिंधी आंगठ्याला गुंडाळली, वर नखी बसवली आणि मूठ आवळून पाहिली. आता बसली.

सुंदरबाईंनी आकांत मांडला. "तठे पाय ठेवशी तं मन्हा मुडदा देखशी!"

म्हातारीच्या या बोलण्याला नुसता सासुरवास म्हणता येत नव्हता. ती खरोखर भ्यालेली होती. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी, लग्नाच्याच साली, मळ्यात वासरू घुसलं म्हणून ती त्याच्यामागे आत धावली होती. अडचणीतली होती, आणि भोळी म्हणून रात्री सासूला आपणच सांगून बसली. मग रीतीप्रमाणे शुद्धी केली. गावातल्या सगळ्यात जुन्या मळ्याची माती आणून ओळीओळीच्या बुडाशी टाकतात, तिला मूळमाती म्हणतात. तेव्हा ती तिच्या चुलतसासऱ्याच्या, थोरल्या घरच्या मळ्यातून आणली. तरी महिन्याभरात मळा मेला. त्याच साली थोरल्या घरचाही मळा गेला, आणि तोसुद्धा हिच्याच माथी मारला, जरी हिनं त्याची ताटीसुद्धा पाहिली नव्हती. दसऱ्यापासून होळीपर्यंत तिला गोठ्यात निजवलं. मळाखाई म्हणायचे तिला. अजून गावात कुणी दोघी भांडल्या की तो शब्द निघतो. पाळी जाऊन वीस वर्षं झाली, आता तिला आत जायची मोकळीक होती, पण ती कधी ताटीजवळसुद्धा गेली नाही.

शेवटी लोटननंच मधला मार्ग काढला. अडचणीचे चार दिवस जाणार नाही, अशी दिपमालानं सासूसमोर हळद-कुंकवावर हात ठेवून शपथ घ्यायची. तिनं घेतली. मळेवाल्यांत सगळ्यात वडील पुना आबा, त्यांनी कुरकुरत मान्य केलं. "लोटन उठेपर्यंत, पुढे नही," म्हणाले.

मग रोजचं सुरू झालं. सुंदरबाई दाराआड भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढायच्या, एक दिवस एक रेघ. सकाळी दिपमाला पाटी घेऊन निघाली की ओट्यावरून मोठ्यानं विचारायच्या, "निर्मळ शे ना वं?" समोरच्या पारावर बसलेली माणसं तंबाखू मळता मळता थांबायची, आणि दिपमालाला 'हो' म्हणून तसंच पुढं जावं लागायचं. वाटेत शेजारच्या मळ्याचा गिरधर ताटीवर हात टेकून उभा असायचा. "वहिनी, आज मुभा शे ना?" दात काढत म्हणायचा. एकदा सारिका बरोबर होती. पोरीनं मान खाली घातली ती मळा येईपर्यंत वर केली नाही. दिपमालाला वाटलं, पाटी त्याच्या तोंडावर फेकून मारावी. पण पाटी लागणार होती.

ताटीशी चपला काढायच्या, सारिकाला बाहेर बसवायचं आणि आत शिरायचं. आत सगळं ओलं, हिरवं, गार. पहिल्या आठवड्यात तिचे दोन्ही खांदे भरून आले. शिडीवर चढून शेंडा बांधताना हात वर धरून ठेवावे लागत आणि मानेत कळ निघे. आंगठा नखीखाली सोलून निघाला. मुंग्या पायावर चढत, डास कानाशी. पण पान तिला ओळखत होतं म्हणा, की ती पानाला. कोणतं आज खुडायचं आणि कोणतं चार दिवस ठेवायचं, यात तिची चूक झाली नाही. टेम्पोवाल्यानं पाटी उघडून पाहिली आणि लोटनला फोनवर सांगितलं, "भाऊ, पान मस्त शे. नवा गडी ठेवना का?" लोटन 'हो' म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याच दिवसांत ओसरीत तोतारामचं पान मोजताना तिचा हात थांबायला लागला. त्याच्या पाटीतलं खालच्या अंगाचं पान पिवळं पडत होतं, मऊ लागत होतं. पानाबरोबर आलेला एखादा वेलाचा तुकडा बुडाशी काळा आणि वासाला कुजका. मळेवाल्यांच्या बोलीत त्याला मर म्हणतात. बुडातून लागते, मातीतून आणि पाण्यातून पसरते आणि ओळीच्या ओळी खाते. तिनं लोटनला सांगितलं.

"भाऊले सांगाले जाऊ नको," तो म्हणाला. "मर लागनी आशे कळनं का, त्यानं पान कोनी लेवाव नही."

भादव्यात चार दिवस झड लागली. उसंत नाही, सूर्य नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दिपमाला उठली तर कमरेत कळ आणि पायावर ओघळ. रेघांच्या हिशेबात अजून तीन दिवस होते, पण शरीर काही रेघा बघत नाही.

तिनं दारातून मळ्याकडे पाहिलं. पाट तुंबून पाणी ओळींत शिरलं असणार. पानवेलाच्या बुडाशी एक दिवस पाणी उभं राहिलं की झालंच. गडी मिळेल का म्हणून सारिकाला तिघांकडे पळवलं. तिघेही आपापल्या मळ्यात पाणी काढत होते. तोताराम म्हणाला, "पाऊस उघडना का येस."

तिनं पॅड घेतलं, पोतं डोक्यावर पांघरलं, फावडं उचललं. ओट्यावर सुंदरबाई होत्याच.

"निर्मळ शे ना वं?"

"हो," दिपमाला म्हणाली. सासूशी खोटं बोलण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

तिनं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चर काढले. गुडघाभर चिखल. फावडं मारलं की चिखल त्याला धरून बसायचा, उपसताना ओटीपोटात कळ यायची आणि डोळ्यांपुढं अंधारी. दोनदा ती शेवग्याला धरून उभी राहिली. कुणी पाहत नव्हतं म्हणून रडलीही. पण संध्याकाळी नाल्याच्या अंगानं बांध फोडला तेव्हा बेचाळीस ओळींतलं पाणी घळघळ निघून गेलं. वेलांची बुडं मोकळी झाली. ती तिथंच बांधावर बसली आणि पावसातच हसली.

तिसऱ्या दिवशी सुंदरबाईंना चुलीच्या राखेत पॅडच्या पाकिटाचा अर्धवट जळलेला तुकडा सापडला. म्हातारीनं तो चिमट्यानं उचलला, भिंतीवरच्या रेघा पाहिल्या, आणि सून चोरून काय करून आली ते तिच्या ध्यानात आलं. कुणाला काही न बोलता ती काठी टेकत, पावसात, थोरल्या लेकाकडे गेली. दुसऱ्या कुणाकडे जाणार? तिला वाटत होतं, वेळेवर शुद्धी केली तर मळा अजून वाचेल.

पाऊस उघडल्यावर मळेवाले लोटनच्या ओट्यावर जमले. खाट दाराशी ओढून घेतली होती. लोटन मान उचलून बघत होता. पाकिटाचा तो तुकडा कागदात बांधून तोतारामनं मधोमध ठेवला होता. एवढ्या पुरुषांसमोर. दिपमाला दाराआड, सारिका तिच्या पाठीशी.

"बाईना पाय पडना, मळा बाटना," पुना आबा म्हणाले. "रीत शे ती करी टाका. मूळमाती आना. जुना मळा आते तोतानाच शे. सकाय त्याना मळानी माती बठ्ठा ओळीमा टाका."

तोतारामचा चेहरा उतरला. दाराच्या फटीतून दिपमालाला तो स्पष्ट दिसला. एक शब्द बोलला असता, की माझी माती नको, दुसऱ्याची घ्या, तरी भागलं असतं. पण मग का नको, हे आलं असतं. तो खाली बघत म्हणाला, "बरं."

दिपमाला दाराबाहेर आली. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा ती जेठाच्या डोळ्यांत बघून बोलली.

"भाऊ, ती माती मन्हा मळामा टाकू नका. तुमना मळाले मर लागेल शे."



"कोन म्हनस?" तोताराम ओरडला.

"तुमनं पान म्हनस. मीच मोजस ते. खालनं पान पिव्वं पडी ऱ्हायनं, वेल बुडशी काळा पडी ऱ्हायना. मन्ही चूक व्हयनी, माले काय दंड करना तो करा. पन ती माती नको."

"तू त्याना मळामा जायेल शे का?" पुना आबांनी विचारलं.

"नही."

"मंग ओसरीमा बसीसन तुले मर दिखनी?" गिरधर म्हणाला, आणि सगळे हसले.

तोताराम हसला नाही. तो खाटेकडे वळला. "लोट्या, तुनी बायको मन्हा मळाले नाव ठेवस. आते घरमा मालक कोन शे, तू का ती? तेवढं सांग."

दिपमालानं नवऱ्याकडे पाहिलं. तिनं तोतारामच्या पाटीतला काळा तुकडा त्याच्या हातात दिला होता, त्यानं तो हुंगला होता. त्याला सगळं माहीत होतं. लोटननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या माणसांकडे. त्याच्या कमरेला पट्टा होता, खाटेखाली लघवीचं भांडं होतं, आणि ते भांडं ओट्यावरून दिसत होतं.

"टाकू द्या," तो म्हणाला. "मोठा भाऊ शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून माती आली. काळी, ओली, घट्ट. आठ माणसं अनवाणी आत शिरली, कारण मळ्यात चपला घालत नाहीत. तोतारामच्या मळ्यातला चिखल तसाच त्यांच्या पोटऱ्यांना होता. एकानं गोमूत्र शिंपडायचं, दुसऱ्यानं पाटीतली माती मूठमूठ वेलांच्या बुडाशी टाकायची, तिसऱ्यानं पायानं दाबायची. दिपमाला ताटीबाहेर उभी होती. तिनं त्यांच्यासाठी चहाही आणला होता, कारण तो आणावाच लागला. एकेक ओळ होताना ती मोजत होती. तिनं मोकळी केलेली बुडं, ज्यांच्यासाठी ती दिवसभर रक्ताळलेल्या कपड्यांत चिखलात उभी राहिली, ती हे लोक दाबून बंद करत होते. ओरडावं असं तिला वाटलं, पण ओरडून काय होणार होतं? चाळीस ओळी झाल्या आणि गाडीतली माती संपली. नाल्याकडच्या दोन राहिल्या.

"बस व्हयनं," गिरधर म्हणाला. "दोन ओळीसाठे कोन फेरा मारी?"

सगळे मिळून अठरा दिवस लागले. पहिल्यांदा ताटीजवळची ओळ मलूल झाली. दुपारी मान टाकायची, सकाळी उचलायची, मग सकाळीही उचलेना. पानं पिवळी, मग तपकिरी. मळ्यात शिरलं की कुजका वास यायचा. दिपमाला आता कुणाला विचारत नव्हती, रेघांकडे बघत नव्हती, रोज आत जात होती. मेलेला वेल उपटायचा, बांधावर टाकायचा, पुढचा उपटायचा. तिला अडवायला कुणी आलं नाही. अडवून वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. गाव एवढंच म्हणालं, लोटनच्या बायकोनं मळा खाल्ला. शाळेत एका पोरीनं सारिकाला विचारलं, "तुनी माय मळाखाई शे ना?" सारिकानं घरी येऊन ते सांगितलं नाही. तिनं दप्तर ठेवलं आणि पानं नसलेल्या ओसरीत नुसती बसून राहिली. दुसऱ्या एकीकडून ते दिपमालाच्या कानावर आलं.

एके सकाळी तिनं उपटलेला वेल मुळासकट आणून नवऱ्याच्या छातीवर ठेवला. काळं, चिकट बूड. लोटननं ते बोटांनी चोळलं. साल सुटून हातात आली.

"ही मर शे," तो म्हणाला.

"कोठून उनी?"

त्यानं बोटं गोधडीला पुसली.

"मी तुमले इचारी ऱ्हायनू. कोठून उनी?"

"मुकाट बैस ना!" त्याचा आवाज फुटला. "मन्हा भाऊ शे तो." आणि कमरेनं जेवढं वळता येईल तेवढं तो भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. तिला त्याची कीव आली आणि संतापही आला, आणि दोन्ही गिळून तिनं त्याच्या अंगावरची माती झटकली.

चुलीशी बसलेल्या सुंदरबाईंनी हे सगळं ऐकलं.

दसऱ्यापर्यंत चाळीस ओळी गेल्या. नाल्याकडच्या दोन मात्र उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नव्हत्या, टवटवीत होत्या, नवे शेंडे फेकत होत्या. दिपमालानं त्यांच्या आणि मेलेल्या ओळींच्या मधे हातभर खोल चर खणला होता, पलीकडचा मातीचा कणही येऊ नये म्हणून. त्या दोन ओळींचं बेणं घेतलं, तर पुढच्या साली दुसऱ्या जमिनीत नवा मळा उभा राहणार होता. ती रोज त्यांच्या पानांवरून हात फिरवायची.

आता डोळे असलेल्या माणसानं काय समजावं? जिथं माती पडली तिथं मेला, जिथं नाही पडली तिथं जगला. पण मळेवाल्यांनी वेगळंच समजून घेतलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुना आबा, गिरधर आणि तोताराम कुदळी घेऊन आले.

"त्या दोन ओळीसनी शुद्धी व्हयनी नही," पुना आबा म्हणाले. "बठ्ठा विटाळ तठेच ऱ्हायना. आमना मळाले लागाना पहिले काढना पडी."

दिपमाला धावत पुढं झाली आणि ओळीच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. "आबा, पाया पडस तुमना. इतलंच ऱ्हायनं मन्हं."

"सरक, वहिनी," गिरधर म्हणाला. त्यानं बाजूनं जाऊन पहिल्या वेलाच्या बुडाशी कुदळ लावली.

"थांब रे."

सगळे वळले. ताटीत सुंदरबाई उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसरा सारिकाच्या खांद्यावर. म्हातारीनं चपला काढल्या. ताटीच्या उंबऱ्यावर तिचा पाय क्षणभर अडला, तिनं डोळे मिटले, आणि पाय आत टाकला. मेलेल्या ओळींतून, वाळल्या वेलांतून ती हळूहळू चालत आली, गिरधरच्या कुदळीपुढं आली आणि ओळीत फतकल मारून बसली.

"मन्ही अडचण जाईसन वीस वरीस व्हयनात," ती म्हणाली. "मी तं निर्मळ शे ना? घाल मंग कुदळ. पहिले माले खंद."

"माय, उठ," तोताराम म्हणाला. "लोके देखी ऱ्हायनात."

"देखू दे. तू इकडे ये. बैस अठे." तो वाकला नाही, पण जवळ आला. "मन्हा डोकावर हात ठेव. नी सांग, का माती दिन्ही तवय तुना मळाले मर नव्हती. तितलं सांग, मी उठस."

तोतारामचा हात उठलाच नाही. त्यानं कुदळ या हातातून त्या हातात घेतली. पुना आबा त्याच्याकडे बघत होते, गिरधर बघत होता. वारा आला आणि वाळक्या पानांचा आवाज झाला.

"तोता," म्हातारी म्हणाली, "मन्हं डोकं उघडं शे."

त्यानं आईकडे पाहिलं, तिच्या विरळ पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि कुदळ खांद्यावर टाकून तो नाल्याच्या वाटेनं चालू लागला. पुना आबांनी गिरधरला खूण केली. कुणी चुकलं म्हणालं नाही, माफ कर म्हणालं नाही. जाताना गिरधरनं कुदळीनं दुखावलेल्या वेलावर पायानं थोडी माती लोटली. दिपमालानं ती लगेच हातानं काढली.

दोघी सासू-सुना आणि पोर, तिघीच राहिल्या. सुंदरबाई उठेनात. चाळीस मेलेल्या ओळींकडे बघत त्या कितीतरी वेळ बसून होत्या.

"त्या सालेबी माती टाकेल व्हती," त्या हळूच म्हणाल्या. "थोरला घरनी. मंग महिनामा गया मळा. नी थोरला घरना बी गया."

दिपमाला त्यांच्या शेजारी बसली.

"मंग…" म्हातारीनं काठी खाली ठेवली. "मंग ते मी नही मारं?"

"नही, आत्या. तुमी नही."

सुंदरबाईंनी मान हलवली, पुन्हा हलवली. पाच महिने गोठ्यात निजलेली, अठ्ठेचाळीस वर्षं स्वतःला मळाखाई मानत आलेली बाई ती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. समोर एक कोवळा शेंडा वाऱ्यानं हलत होता. तिनं हात पुढं केला, आणि सवयीनं चटकन मागं घेतला. मग सुनेकडे पाहिलं.

"हात लावू का?" तिनं विचारलं.